दौंडच्या विसर्गामागचा डोंगर

जुलै उजाडला तरी केमच्या शिवारात पावसाचा टिपूस नसतो. पेरणी झालेली असते किंवा खोळंबलेली असते, वारं नुसतं सुटलेलं असतं आणि ढग डोक्यावरून पूर्वेकडे पळत असतात. अशा दिवसांत स्टेशनसमोरच्या हॉटेलात, पारावर आणि मोबाइलवरच्या गटांत रोज सकाळी एकच प्रश्न असतो, "दौंडला विसर्ग किती?" कोणी बंडगार्डनचा आकडा सांगतो, कोणी खडकवासल्यातून किती सोडलं ते. दौंडवरून येणाऱ्या या पाण्याने उजनी धरण मायनसमधून, म्हणजे मृत साठ्यातून, वर आलं की नाही, यावर उसाची लागण करायची की थांबायचं हे ठरतं. आमच्या करमाळा तालुक्यातल्या पोराला क्युसेक आणि टीएमसी शाळेत शिकवावे लागत नाहीत.

पण हे पाणी ज्या डोंगरावर पडतं, तो डोंगर आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला आहे. जे गेले, ते बहुतेक पावसाळी सहलीला गेले. रात्री गाडीत बसायचं, पहाटे घाटात उतरायचं, धबधब्याखाली भिजायचं, कणीस आणि भजी खायची, फोटो काढायचे आणि मध्यरात्री परत. या मौजेला माझा विरोध नाही. वर्षातले आठ महिने टँकरचा आवाज ओळखीचा असलेल्या माणसाला कोसळतं पाणी पाहून वेड लागणारच. माझं म्हणणं इतकंच की आपण ज्या नदीचे आकडे रोज विचारतो, त्या नदीच्या माथ्यावर उभे राहूनही आपल्याला ते कळत नाही. ते कळण्यासाठी दहा-बारा जणांचा गट, बरोबर त्याच डोंगरातला जाणता वाटाड्या आणि दिवसभर पायी फिरण्याची तयारी लागते.

केम म्हटलं की लोकांना कुंकू आठवतं. इथल्या कारखान्यांतलं कुंकू महाराष्ट्रातल्या देवस्थानांच्या दुकानांत जातं. रेल्वेने जाणाऱ्यांना जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधलं एक स्टेशन म्हणून गाव माहीत असतं, भाविकांना उत्तरेश्वराच्या देवळामुळे. भूगोलाच्या पुस्तकात मात्र आमचा पत्ता पर्जन्यछायेचा प्रदेश असा आहे. अरबी समुद्रावरून आलेलं वारं सह्याद्रीला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि अंगातलं पाणी तिथेच टाकून देतं. डोंगर ओलांडून खाली उतरताना तेच वारं तापतं आणि कोरडं होतं. ताम्हिणी घाटात एका पावसाळ्यात सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशेच्या घरात. धबधबा आणि दुष्काळ या एकाच वाऱ्याच्या दोन बाजू आहेत.

म्हणून आमच्या गावाकडून घाटात जाण्याचा रस्ता हा सहलीचाच भाग धरावा, असं मी आग्रहाने सांगतो. टेंभुर्णीला महामार्गाला लागलं की थोड्याच वेळात भीमानगरजवळ नदी ओलांडावी लागते. वर उजनीची भिंत दिसते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं उपयुक्त साडेत्रेपन्न. पुढे इंदापूर ते भिगवण उजव्या हाताला फुगवट्याचं पाणी अधूनमधून साथ देतं. पाणी खोल उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि ज्यांची गावं या पाण्याखाली गेली, ते लोक ते पाहायला येतात. पुढे पुण्यात मुळा-मुठा, आणि तिथून चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत मुळशी. हा सगळा रस्ता म्हणजे दौंडच्या विसर्गाचा उलटा प्रवास आहे. गाडीत गाणी लावून झोपलं की तो वाया जातो. शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाने नुसतं "ही बघ मुळा, हिचंच पाणी आपल्याकडं येतंय" एवढं म्हटलं तरी पोरं खिडकीशी सरकतात.

आमच्या गटात एकदा एक तात्या होते. विहिरी पाडण्यात त्यांची हयात गेलेली. सुरुंग कुठे भरायचा, झरा कोणत्या थरात लागेल हे ते दगडावर पहार आपटून सांगायचे. डोंगर बघायला त्यांना यायचंच नव्हतं, नातवाने ओढून आणलं होतं. ताम्हिणीत धुकं विरळ झालं आणि समोरचा कडा मोकळा झाला, तेव्हा सगळे धबधब्याकडे बघत होते आणि तात्या कड्याकडे. बराच वेळ बघून ते म्हणाले, "आरं, ही तर आपली विहीर हाय की! वर मुरूम, मधी मांजऱ्या, खाली काळा पाषाण. नुस्ती उलटी उभी केलीया."

आमचा वाटाड्या त्याच घाटातल्या वाडीतला विशीतला मुलगा होता. तो हसला नाही. त्याने तात्यांना जरा पुढे नेलं आणि दोन काळ्या थरांच्या मधला तांबडा पट्टा दाखवला. "मामा, ह्या तांबड्यातनं बारमाही पाणी ठिबकतंय. आमची वाडी उन्हाळ्यात ह्याच्यावरच जगती." मग दोघांचं जे बोलणं सुरू झालं, ते कोणत्याही पर्यटनाच्या माहितीपत्रकात नसतं.

तात्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर ओतले गेले. ताम्हिणीचा कडा आणि केमच्या काळ्या रानाखालचा पाषाण एकाच जातीचे आहेत. दोन ओतण्यांच्या मधल्या काळात वरच्या खडकाची माती झाली, ती पुढच्या लाव्ह्याने भाजली, तोच हा तांबडा पट्टा. कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर झिजतो, म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो आणि पाणी एका पायरीवरून दुसरीवर कोसळतं. ज्या खडकात आपण साठ-सत्तर फूट खाली जाऊन पाणी शोधतो, तोच खडक तिथे उघड्यावर पाण्याने निथळत असतो. हे दगडाला हात लावून कळणं आणि पुस्तकात वाचणं यांत फार अंतर आहे.

घाटमाथ्यावर आणखी एक गोष्ट दाखवणारा माणूस लागतो, नाहीतर ती कधीच दिसत नाही. माथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस मुळशीच्या जलाशयात उतरतो, पश्चिमेला पडलेला कुंडलिकेच्या दरीत. साधा हिशेब असा की पूर्वेचं पाणी आपलं आणि पश्चिमेचं कोकणाचं. पण मुळशीचं बहुतेक पाणी पूर्वेला येत नाही. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी ते डोंगरातून पश्चिमेला वळवलं जातं, नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं आणि त्यावर वीज होते. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. तिन्हींना पाणी भीमेच्या खोऱ्यातलं. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांसाठी असं पश्चिमेला वळवायला मान्यता दिलेलं पाणी वर्षाला ४२.६ टीएमसी आहे. उजनीच्या उपयुक्त साठ्याशी हा आकडा ताडून पाहा. मुळशी काठोकाठ भरली की वरचं तेवढं सांडव्यावरून मुळेत येतं आणि मग दौंडच्या आकड्यात दिसतं.

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करायला आपल्याकडची पोरं हौसेने जातात. तिथली लाट ही भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्याची असते. म्हणजे सोलापूरची पोरं मुळेच्याच पाण्यावर नाव घालतात, फक्त डोंगराच्या पलीकडे. हे त्यांना कोणी सांगत नाही.

पाणी परत वळवा म्हणणं सोपं आहे. त्या पाण्यावर शंभर वर्षं मुंबईची वीज झाली आणि खाली रायगड जिल्ह्यातली गावं व कारखाने त्यावर उभे राहिले, हेही तितकंच खरं. मुळशी धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले आणि तरी धरण झालं. उजनीच्या विस्थापितांच्या घरात जन्मलेल्या माणसाने मुळशीच्या काठावर उभं राहून ही हकीकत ऐकावी. माझा अनुभव असा की ती ऐकल्यावर "आमचं पाणी नेलं" हे वाक्य तो जरा थांबून उच्चारतो. पाण्याच्या भांडणात असं थांबणं फार कमी झालं आहे.

गर्दीत यातलं काहीच होत नाही. पन्नास जणांची बस घाटात थांबते तेव्हा वाटाड्याचं बोलणं पहिल्या पाच जणांपलीकडे पोहोचत नाही आणि कोण कुठे उतरलं याचा पत्ता नसतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. दोन्ही जागा इंद्रायणीवरच्या. ती तीच नदी, जी देहू-आळंदीवरून येऊन तुळापूरला भीमेत मिळते आणि उजनीमार्गे पंढरपूरला चंद्रभागा होते. आणि पाण्याने दगा द्यायला घाटच लागतो असंही नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी आमच्याच तालुक्यातल्या कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळाने उलटली आणि सहा जण बुडाले.

प्रत्येक अपघातानंतर प्रशासन बंदीचा आदेश काढतं. बंदी काही दिवस लागते आणि मग लोक दुसरा धबधबा शोधतात. वाडीतला मुलगा बंदीपेक्षा जास्त जीव वाचवतो, असं माझं ठाम मत आहे. आमच्या त्या वाटाड्याने निवळशंख पाण्यात खेळणाऱ्या पोरांना एकदम बाहेर यायला लावलं. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता. पण पाण्याला किंचित गढूळपणा आला होता, वरून ओली पानं आणि काटक्या येऊ लागल्या होत्या, आणि आवाज जड झाला होता. पोरं कुरकुरत बाहेर आली. थोड्या वेळात ती बसली होती ते दगड दिसेनासे झाले. ही नजर पाटीवर लिहून देता येत नाही, आणि एक माणूस ती दहा-बारा जणांपलीकडे पुरवू शकत नाही.

गर्दी आवरून व्यवस्था गावकऱ्यांच्या हाती देण्याची चांगली उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आलं. तिथे फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते आणि व्यवस्था भोवतालच्या गावांची समिती पाहते. भिगवणजवळ कुंभारगावला तर अगदी आमच्या दारात हे घडलं. उजनीतले मासेमार थंडीत लहान नावांमधून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवतात, पक्ष्यांची नावं सांगतात आणि घरी मासळीचं जेवण घालतात. ज्या पाण्याने जमिनी घेतल्या, त्याच पाण्यावर हा मिळकतीचा धंदा त्यांनी उभा केला. सरकारनेही २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणून आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. पण धबधब्याखाली उभं राहण्याला कोणी साहस म्हणत नाही, म्हणून सामान्य वर्षा सहल या सगळ्यातून निसटते.

लहान गट महाग पडतो, हा आक्षेप खरा आहे. बसमध्ये माणशी जे पडतं, त्याच्या दीड-दोनपट टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पडतं, वर वाटाड्याची मजुरी आणि वाडीतलं जेवण. पण आपण पंढरीच्या वाटेवरचे लोक आहोत. दिंडीत शेकडो माणसं असली तरी कोण मागे राहिलं, कोणाचे पाय सुजले, कोणाला कुठे उतरायचं हे दिंडीप्रमुखाला माहीत असतं. आणि खर्चासाठी भिशीची सवय गावागावात आहे. वर्षभर महिन्याला थोडं बाजूला काढलं तर कुंकवाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचाही गट जाऊ शकतो. त्या धबधब्याला जात नाहीत याचं कारण हौस नसणं हे नव्हे. गर्दीत ओलं होऊन उभं राहायची, कपडे बदलायला आडोसा नसल्याची त्यांना धास्ती वाटते. बारा जणींचा गट वाडीतल्या एका घरी उतरला की तो प्रश्नच उरत नाही.

म्हणून केम आणि आसपासच्या शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. यंदाची सहल ठरवताना एक बस भरून आठ ठिकाणं दाखवू नका. नववीच्या वर्गाचे दहा-बारा जणांचे गट करा आणि एकेका शनिवारी एकेक गट पाठवा. बरोबर विहिरीच्या कामातला एक जाणता माणूस द्या, घाटातल्या वाडीतला वाटाड्या आधी ठरवा, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या आणि तो "आज पाण्यात नको" म्हणाला तर पाण्यात उतरू नका. मुलांनी माथ्यावर उभं राहून दोन्हीकडचं पाणी बघावं आणि वहीत लिहावं की यातलं कोणतं आपल्याकडे येतं, कोणतं येत नाही आणि का. साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्याकडची धरणं भरत येतात आणि दौंडचा आकडा चढू लागतो. त्या आठवड्यापासून निघा.