दगडाची खरी साक्ष

मननासाठी वचने : ईयोब १३:७-१०, उत्पत्ती १:२०-२३



ईयोबाला भेटावयास आलेले तीन मित्र दुष्ट नव्हते. ते देवाचीच बाजू मांडीत होते. देव न्यायी आहे, म्हणून ईयोबाने पाप केलेच असले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब जुळावा म्हणून अलीफजाने ईयोबाच्या माथी कधीही न घडलेले अपराध मारले (ईयोब २२:५-९). तेव्हा दुःखात होरपळलेल्या त्या मनुष्याने मित्रांना एक जळजळीत प्रश्न विचारला. देवाची बाजू राखण्यासाठी तुम्ही असत्याचा आधार घेणार काय, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर निवाडा देतो तो त्या मित्रांच्या विरुद्ध (४२:७). देवाला आपल्या बचावासाठी आपल्या खोटेपणाची गरज नाही.

हाच प्रश्न आज एका दगडाच्या निमित्ताने आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ मरुदानल्लूर नावाचे गाव आहे. दक्षिणेतील भजनपरंपरेला शिस्त लावणाऱ्या सद्गुरू स्वामींमुळे ते प्रसिद्ध झाले. ह्या तंजावर प्रांतात १८५५ पर्यंत मराठी राजघराणे होते, म्हणून आपली भाषा तेथे परकी नाही. मरुदानल्लूरच्या शिवारात कावेरीने आणून टाकलेला गाळ आहे. तेथे दगड सहसा सापडावयाचा नाही. परंतु उत्तरेस कावेरी आणि कोल्लिडम ह्या दोन्ही नद्या ओलांडून साधारण पन्नास किलोमीटर गेले की अरियलूरचा मुलूख लागतो, आणि तेथे भूमीचे रूपच पालटते. सिमेंटसाठी चुनखडी काढलेल्या खाणींत आणि पावसाने चरलेल्या घळींत शंख-शिंपले दगड होऊन पडले आहेत. त्यांत गुंडाळलेल्या मेंढ्याच्या शिंगासारखा एक दगड असतो. त्यास अमोनाइट म्हणतात.

नावाचा खुलासा येथेच केलेला बरा. पवित्र शास्त्रातील अम्मोनी लोकांशी ह्याचा काही संबंध नाही. ते लोटाचे वंशज. मिसर देशात आमोन नावाचा देव पूजिला जाई, त्याचा उल्लेख यिर्मया ४६:२५ मध्ये आहे. त्याला मेंढ्याची शिंगे दाखवीत, त्यावरून ह्या दगडास हे नाव मिळाले.

अमोनाइट हा समुद्रात राहणारा प्राणी होता. त्याच्या वेटोळ्या शंखात भिंती घालून केलेल्या अनेक खोल्या असत. सर्वांत बाहेरच्या खोलीत तो स्वतः राही. मागच्या रिकाम्या खोल्यांतून एक बारीक नळी जाई, आणि तिच्या योगे आतील पाणी काढून तेथे वायू भरता येई. म्हणून तो जड शंख घेऊनही पाण्यात तरंगे. प्राणी मेला की शंख तळाशी जाई, चिखलाखाली गाडला जाई, आणि कालांतराने खनिजांनी भरून दगड होई. काही अमोनाइट नखाएवढे, काही ताटाएवढे असत. जर्मनीत १८९५ साली मिळालेला एक तर सुमारे पावणेदोन मीटर व्यासाचा आहे.

अरियलूरचे थर क्रिटेशस काळातले, सुमारे दहा-अकरा कोटी वर्षांपूर्वीपासूनचे. त्याहून जुन्या जुरासिक समुद्रातील अमोनाइट आपल्या देशात कच्छमध्ये आणि हिमालयातील स्पितीच्या काळ्या थरांत सापडतात. गंडकी नदीच्या पात्रात मिळणारा आणि आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या देवघरात आदराने ठेवलेला शाळिग्रामही पुष्कळदा त्याच काळच्या थरांतला अमोनाइट असतो. त्यांना त्या वेटोळ्यात विष्णूचे चक्र दिसते. आपण ह्याला हसू नये. इंग्लंडातील व्हिटबी येथे हेच दगड म्हणजे संत हिल्डाने शाप देऊन दगड केलेले साप होत, असे ख्रिस्ती लोक शतकानुशतके मानीत आले. दुकानदार तर त्यांवर सापाचे डोके कोरून विकीत. ज्याचा अर्थ लागत नाही त्यावर आपला अर्थ बसविणे, हा सर्व मनुष्यांचा स्वभाव आहे.

ह्या दगडावर आपणही मंडळीत असाच एक अर्थ बसवितो. कोरड्या भूमीवर समुद्राचे शंख मिळाले, तेव्हा नोहाच्या जलप्रलयाचा पुरावा मिळाला, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. ऐकणाऱ्यांना आनंद होतो. पण दगड खरोखर तसे म्हणतो काय?

पवित्र शास्त्राच्या भाषांतरात आयुष्याची बरीच वर्षे घालविलेल्या मनुष्यास एक नियम हाडीमासी खिळतो : मूळ पाठ आपल्या सोयीसाठी बदलावयाचा नाही. वाक्य अवघड असेल, वाचकाला न रुचणारे असेल, आपल्या शिकवणीत नीट बसत नसेल, तरी जे लिहिले आहे तेच लिहावयाचे. आणि कोणतेही वचन त्याच्या संदर्भातून उपटून काढावयाचे नाही. जीवाश्म गोळा करणाऱ्या जाणत्या लोकांचा नियम ह्याहून वेगळा नाही. दगड उचलण्यापूर्वी तो कोठे, कोणत्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होता, हे ते लिहून ठेवतात. ही चिठ्ठी हरवलेला दगड शोभेची वस्तू होतो. संदर्भ तोडलेल्या वचनाप्रमाणे त्याच्याकडून काहीही वदवून घेता येते.

अरियलूरचा मूळ पाठ असाच काळजीपूर्वक वाचला गेला आहे. मद्रासेतील के आणि कन्लिफ ह्या गृहस्थांनी जमविलेल्या जीवाश्मांचे वर्णन एडवर्ड फोर्ब्स ह्याने १८४६ साली प्रसिद्ध केले. पुढे भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या हेन्री ब्लॅनफर्डने थरांचा क्रम लावला, आणि फर्डिनांड स्टोलिच्का ह्याने तेथील अमोनाइट एकेक करून वर्णिले. त्यांना काय आढळले? निरनिराळ्या थरांत निरनिराळ्या जातींचे अमोनाइट आहेत. खालच्या थरातली जात वरच्यात नाही, वरची खाली नाही. निनियूर गावाजवळच्या सर्वांत वरच्या थरांत तर अमोनाइट मुळीच नाहीत, मात्र त्यांचा दूरचा भाऊबंद नॉटिलस तेथे आहे, आणि त्याचे वंशज आजही समुद्रात जिवंत आहेत. एकाच महापुराने सर्व काही ढवळून टाकले असते तर अशी शिस्तवार मांडणी उरली नसती. ही साक्ष एका वर्षाच्या पुराची नव्हे. पिढ्यांमागून पिढ्या जगलेल्या, शांतपणे गाळ साचविणाऱ्या समुद्राची ती साक्ष आहे.

हे मान्य करणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. निकोलस स्टेनो ह्याने १६६९ साली थरांचा क्रम वाचण्याचे मूलतत्त्व मांडले. तो पुढे १६७७ साली बिशप झाला, आणि रोमन कॅथलिक मंडळीने १९८८ साली त्याला धन्यवादित घोषित केले. ॲडम सेजविक हा केंब्रिजचा भूगर्भशास्त्राचा अध्यापक आणि दीक्षित धर्मोपदेशक. वरवरच्या वाळूगोट्यांचे थर नोहाच्या पुराचे आहेत असे त्याने शिकविले होते. पुरावा उलट दिसताच १८३१ साली विद्वानांच्या भरसभेत त्याने ते मत मागे घेतले. विल्यम बकलंड ह्या धर्मोपदेशकानेही १८२३ साली लिहिलेले आपले मत १८३६ च्या ग्रंथात सोडून दिले. ह्यांपैकी कोणीही प्रभूला सोडले नाही. त्यांनी सोडले ते केवळ देवाच्या नावाने सांगितलेले, पण खरे नसलेले विधान.

आपल्या महाराष्ट्रातही असा सेवक होऊन गेला. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आला. शाळा चालविणे, सुवार्ता सांगणे आणि गोंडी लोकांच्या कथा टिपून ठेवणे ह्यांबरोबरच तो नागपूरच्या आसपास जीवाश्म शोधी. आपला काळा पाषाण थंड झालेला लाव्हा असल्याने त्यात समुद्राचे अमोनाइट मिळत नाहीत. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये त्याला गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख मिळाले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तेथे तळी भरली होती, असे त्या शंखांनी सांगितले. १८६३ साली पुराचा ओढा ओलांडताना तो बुडून मरण पावला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याचे नाव सांगते. सुवार्ता आणि दगड ह्या दोन गोष्टी त्याच्या हातात एकत्र नांदल्या.

बंधुभगिनींनो, हा केवळ पंडितांचा वाद असता तर ह्या पानावर मी तो आणला नसता. येथे आपल्या मुलांचा प्रश्न आहे. मंडळीतील एखादी मुलगी महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकावयास जाते. सहलीत ती अरियलूरच्या घळीत उभी राहते आणि थर स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. शब्बाथशाळेत ऐकलेले विधान तेथे टिकत नाही. मग तिच्या मनात येते की, ज्यांनी दगडाविषयी मला असे सांगितले, त्यांनी रिकाम्या कबरेविषयी सांगितले ते तरी खरे कशावरून? आपण तिच्यापुढे देव आणि दगड ह्यांपैकी एक निवड, असा नसता पेच टाकतो. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना हाच इशारा दिला होता. पृथ्वी आणि आकाश ह्यांविषयी जाणकार लोकांसमोर ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाने चुकीचे बोलू नये; नाहीतर पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन ह्यांविषयीचा आपला शब्द ते कसा मानतील, असे त्याचे म्हणणे होते. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा (निर्गम २०:१६) शेजाऱ्याविषयी आहे. पण देवाच्या हातच्या दगडाविषयी ती शिथिल होते असे कोठेही लिहिलेले नाही.

मग दगडाची खरी साक्ष कोणती? त्यासाठी पुन्हा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाकडे वळू या. देवाच्या निर्मितीसाठी हिब्रूत 'बारा' हे खास क्रियापद आहे. ह्या अध्यायात ते तीनच प्रसंगी येते : आरंभी आकाश व पृथ्वी, शेवटी मनुष्य, आणि मध्ये समुद्रातील जीव (१:२१). त्यापुढच्याच वचनात पवित्र शास्त्रातील पहिला आशीर्वाद येतो. तो मनुष्याला दिलेला नाही. तो जलचरांना आणि पक्ष्यांना दिलेला आहे. मनुष्य तेथे ऐकावयासही नव्हता!

अमोनाइटाचा दगड हातात घेतला की ह्या वचनाचे वजन कळते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ही सारी कुळे नाहीशी झाली. मनुष्याच्या डोळ्याने एकही जिवंत अमोनाइट पाहिलेला नाही. तो आपल्या पोटासाठी नव्हता, शोभेसाठी नव्हता, उपदेशासाठीही नव्हता. तरी त्याच्या शंखातील खोल्यांच्या भिंती काठाशी नक्षीसारख्या मुरडलेल्या आहेत. ते सौंदर्य कोट्यवधी वर्षे केवळ एकाच्या दृष्टीपुढे होते. ओसाड भूमीवर, जेथे मनुष्य नाही तेथेही पाऊस पाडणारा (ईयोब ३८:२६), समुद्रातील असंख्य लहानमोठ्या जीवांना योग्य वेळी अन्न देणारा (स्तोत्र १०४:२५-२८) तोच हा परमेश्वर. ज्याच्या दृष्टीने हजार वर्षे रात्रीच्या एका प्रहरासारखी आहेत (स्तोत्र ९०:४), त्याला काळ कमी पडत नाही.

येथे आपला गर्व गळून पडतो आणि त्याच ठिकाणी आपल्याला धीर मिळतो. ज्या कामाकडे कोणी पाहत नाही, जी सेवा कोणी मोजत नाही, जे दुःख कोणाला सांगितलेले नाही, तेही त्याच्या दृष्टीआड नाही. दोन दमड्यांना विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू येशूने शिकविले (लूक १२:६). जो मनुष्याच्या आधीच्या समुद्रालाही आशीर्वाद देतो, तो आज रात्री जागणाऱ्या तुम्हांला विसरेल काय?

म्हणून घरातील मुलांनी असा दगड आणला तर भिऊ नका आणि घाईने त्यावर आपला अर्थ चिकटवू नका. तो कोठे मिळाला हे विचारा. चिठ्ठी लिहावयास लावा. शेजाऱ्याच्या देवघरातील शाळिग्रामाविषयी बोलताना आदर राखा. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर येत नाही असे सांगा. विश्वास त्याने लहान होत नाही. सत्य मीच आहे असे म्हणणाऱ्याचे (योहान १४:६) आपण शिष्य आहोत, आणि कोणत्याही खऱ्या गोष्टीपासून त्याला धोका नाही.

हे समुद्राच्या आणि कोरड्या भूमीच्या प्रभो, तुझ्या नावाने जे बोलतो ते आम्ही खरे बोलावे, तुझ्या हातची अक्षरे न बदलता वाचावी, आणि आमच्या लेकरांनी तुला सत्यातच शोधावे, एवढी कृपा दे. आमेन.