धुके आणि कर्तव्य

ब्राझीलमधील साओ पाउलो प्रांतात, डोंगरमाथ्यावर पारानापियाकाबा नावाचे लहानसे गाव आहे. तुपी भाषेत या नावाचा अर्थ ‘जेथून समुद्र दिसतो ते स्थान’. दाट धुक्यामुळे तो पुष्कळदा दिसत नाही, ही गोष्ट निराळी. १८६७ साली तेथून सांतोस बंदराकडे लोहमार्ग सुरू झाला. इंग्रज कंपनीने कामगारांची वस्ती वसविली. मुख्य अभियंत्याचे घर मात्र टेकडीवर, सर्वांवर नजर राहील असे बांधले. पण धुके उतरल्यावर त्या खिडक्यांतून काय दिसणार? घाटातील डबे तर दोरांच्या आधारानेच चढत-उतरत. मालकाच्या दृष्टीला भिऊन जो दोर तपासतो, त्याचे कर्तव्य धुक्यात हरवते. प्रवाशांच्या जिवासाठी जो तपासतो, त्याला धुके आणि ऊन सारखेच. डब्यांतील प्रवाशांना तर तो हात कधीच दिसत नसे.