गुनाह, रोग आणि आपण

अकोल्याजवळच्या एका खेड्यात मय्यतीला गेलो होतो. पन्नाशीचा कास्तकार, पाच वक्त नमाजी. त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले होते. अंगणात बसलेले एक बुजुर्ग म्हणाले, "इमान कमजोर होतं त्याचं." शहरात शिकणारा एक पोरगा उसळून बोलला, "चाचा, मेंदूतलं रसायन बिघडलं होतं. त्यात त्याचा काय कसूर?" मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे अजून सलते.

आत्महत्या इस्लाममध्ये हराम आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्याची अक्कल ठिकाणावर नाही त्याच्यावर शरियतने जबाबदारी टाकलेली नाही, हेही आपण जाणतो. अशा माणसाचीही नमाजे-जनाजा पढावी, असेच बहुतेक फकीहांचे मत आहे. दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने तर दुःखाचे दोन प्रकार सांगितले होते. एका दुःखाचे कारण माणसाला ठाऊक असते. दुसऱ्याचे कारण सापडत नाही, ते शरीरातून उपजते आणि त्यावर शरीराचाही इलाज करावा लागतो. मनाचा रोग मानणे ही काही पश्चिमेकडून आलेली टूम नव्हे.

मग पोरगाच बरोबर होता का? अर्धाच. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की, औदासीन्याच्या रोगाबाबत माणसामाणसांत जो फरक आढळतो त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 37 टक्के असतो. म्हणजे उरलेला मोठा वाटा आयुष्यात काय वाढून येते त्याचा. कर्जाचा ताण महिनोन्‌महिने राहिला की शरीरातली ताणाची यंत्रणा शांत होत नाही, झोप उडते, विचार एकाच खड्ड्यात फिरत राहतो. सावकाराचा तगादा असा रक्तापर्यंत पोचतो. उलट, सेरोटोनिन कमी झाले म्हणून औदासीन्य आले, या सोप्या समजुतीला ठोस पुरावा नाही, असे 2022 मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसून आले. औषधांचा अनेकांना गुण येतो, हे खरेच. पण मेंदू म्हणजे तेल संपलेले इंजिन नव्हे.

शरीर हीच तकदीर असती तर बोलण्याने काय फरक पडला असता? याचे उत्तर आपल्या वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवले. त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औदासीन्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. जीव द्यावा असे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतली नव्हती, म्हणून सारे श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. तरी दार ठोठावणारे कुणी आले की माणसे बोलतात, एवढे नक्की.

कायदाही बदलला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देऊ पाहणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानले आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले.

आता त्या अंगणाकडे वळून पाहतो तेव्हा वाटते, बुजुर्ग आणि पोरगा एकच काम करीत होते. एकाने दोष मरणाऱ्याच्या इमानावर टाकला, दुसऱ्याने त्याच्या मेंदूवर. दोन्हींत आपण सारे सुटलो. तो दोन जुमे मशिदीत दिसला नव्हता. पराटी वेचायला आली तरी वावरात गेला नव्हता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. कुणी विचारायला गेले नाही.

त्याचा हिशेब अल्लाहकडे आहे. तो मांडण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपला हिशेब मात्र आपल्याला मांडता येतो. सफमध्ये रोजचा माणूस दिसला नाही तर त्याच्या घरी जावे, बसावे, ऐकावे, गरज पडली तर डॉक्टरकडे सोबत जावे. टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक मशिदीच्या फळ्यावर लिहून ठेवायला खडूचा एक तुकडा पुरतो.