मिटलेल्या फाइलचा हिशेब

राजकारण्याच्या दारात आयकर खात्याच्या गाड्या उभ्या राहिल्या की पुढचे संवाद पाठ झालेले असतात. एका बाजूने सूडबुद्धीचा आरोप, दुसऱ्या बाजूने ‘कर नाही त्याला डर कशाला’. दोन-चार दिवस वाहिन्यांवर तेच चालते. त्यानंतर त्या प्रकरणाचे काय झाले, हे तीन वर्षांनी विचारणारा कोणी उरत नाही. माझ्या मते न्याय-अन्यायाची खरी तपासणी तिथेच व्हायला हवी. धाड सर्वांसमोर पडते, प्रकरण मात्र बंद दाराआड मिटते किंवा कुजते.

आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या नातेवाइकांशी संबंधित ठिकाणी आयकर खात्याने झडत्या घेतल्या. तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. आठवडाभरात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे पत्रक आले. त्यात मुंबईतील दोन रिअल इस्टेट समूहांचा उल्लेख होता, सुमारे १८४ कोटींच्या बेहिशेबी उत्पन्नाचा दावा होता आणि महाराष्ट्रातील एका प्रभावशाली कुटुंबाचा निर्देश होता. नाव कोणाचेच नव्हते, पण ते अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक झालेले होते. नोव्हेंबरमध्ये बेनामी व्यवहार कायद्याखाली सुमारे हजार कोटींच्या मालमत्तेवर टाच आल्याच्या बातम्या झळकल्या. साताऱ्यातला जरंडेश्वर साखर कारखाना, नरिमन पॉइंटवरचे कार्यालय, गोव्यातला रिसॉर्ट अशी यादी होती. जुलै २०२३ मध्ये पवार महायुतीच्या सरकारात सामील झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने खात्याचे अपील फेटाळले आणि मालमत्ता मोकळी झाली. ही बातमी लोकांपर्यंत पोचली ती डिसेंबरमध्ये, उपमुख्यमंत्रिपदाची शपथ पुन्हा झाल्यावर.

न्यायाधिकरणाचा निकाल मी मानतो. तो बरोबर असेल तर तीन वर्षे एका कुटुंबाची मालमत्ता आणि अब्रू टांगणीला लावणाऱ्यांना जाब विचारला गेला पाहिजे. तो चुकीचा वाटत असेल तर उच्च न्यायालयात जायला कायद्याने खात्याला साठ दिवस दिलेले आहेत, आणि जायचे की नाही हे कोणत्या आधारावर ठरते ते जनतेला कळले पाहिजे. २०२१ची कारवाई आणि २०२४चा शेवट हे दोन्ही एकाच वेळी निर्दोष असू शकत नाहीत. कुठे तरी चूक झाली आहे. ती कुठे झाली हे सांगण्याची जबाबदारी आपल्या व्यवस्थेत कोणावरही नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

आयकर धाडीचे हे हत्यार एका पक्षाच्या कारखान्यात घडलेले नाही. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, बजाज उद्योगसमूहाच्या शंभरावर ठिकाणांवर एकाच वेळी आयकर खात्याने छापे घातले होते. हे घराणे वर्ध्याचे, गांधी-विनोबांच्या सहवासातले, आणि तेव्हाच्या सत्तेच्या डोळ्यांत खुपू लागलेले. राज्यकर्ते बदलले, हत्यार खुंटीवर तसेच राहिले.

‘पण माणूस दोषी असेल तर बिघडले कुठे?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. काँग्रेस पक्षाचे प्रकरण त्यासाठी उपयोगी आहे, कारण तिथे कायदा बहुतांशी खात्याच्याच बाजूने होता. पक्षाने २०१८-१९ या कर-आकारणी वर्षाचे विवरणपत्र मुदत टळून महिन्याने भरले, आणि दोन हजारांची मर्यादा ओलांडून चौदा लाखांहून अधिक रोख देणग्या घेतल्या. राजकीय पक्षांना मिळणारी करसवलत त्यामुळे गेली. २०२१ मध्ये शंभर कोटींहून अधिक कराची मागणी निघाली. दिल्ली उच्च न्यायालयाने पक्षाच्या ढिलाईवर बोट ठेवले, आणि जुलै २०२५ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणानेही सवलत नाकारण्याचा निर्णय कायम ठेवला. तरीही एक गोष्ट उरते. २०२१ची मागणी फेब्रुवारी २०२४ मध्ये, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, खाती गोठवून वसूल केली गेली. रक्कम होती सुमारे १३५ कोटी. पुढे पक्षावर सुमारे साडेतीन हजार कोटींच्या मागण्या निघाल्या, तेव्हा १ एप्रिलला खात्यानेच सर्वोच्च न्यायालयात सांगितले की निवडणूक होईपर्यंत सक्तीची वसुली करणार नाही. हा संयम एप्रिलमध्ये दाखवता आला, तर फेब्रुवारीतही आला असता. करदाता दोषी असूनही त्याच्याविरुद्ध निवडलेली वेळ अन्यायाची असू शकते.

आणि दोषी माणसाला निवडून पकडण्यातला धोका असा, की न पकडलेल्या दुसऱ्या दोषीला त्यातून निरोप जातो. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने एप्रिल २०२४ मध्ये मांडलेला हिशेब सर्वांनी वाचला आहे. केंद्रीय यंत्रणांच्या चौकशीत असताना २०१४ नंतर भाजपकडे वळलेल्या २५ विरोधी नेत्यांपैकी २३ जणांना दिलासा मिळाला. त्यातल्या तिघांची प्रकरणे बंद झाली, वीस जणांची थंडावली. थंडावणे हा शब्द इथे महत्त्वाचा. निर्दोष सुटणे वेगळे आणि थंडावणे वेगळे. थंड पडलेली फाइल केव्हाही तापवता येते. काँग्रेसमधून आलेले माजी मंत्री हर्षवर्धन पाटील २०२१ मध्ये भाजपमध्ये असताना मावळच्या कार्यक्रमात म्हणाले होते, की इथे चौकशी नाही, काही नाही, शांत झोप लागते. सभा हसली होती. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. कर बुडाला असेल तर तो सरकारी तिजोरीचा बुडाला. त्याची वसुली निष्ठेच्या बदल्यात सोडून देण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला नाही.

हे घडू शकते, कारण कायद्यानेच तशी जागा ठेवली आहे. झडतीसाठी अधिकाऱ्याकडे ‘विश्वास ठेवण्यास कारण’ असावे लागते आणि ते नोंदवावे लागते. २०१७च्या वित्त कायद्याने ठरवले, की हे कारण कोणालाही, अगदी अपील न्यायाधिकरणालाही, दाखवायचे नाही. ही तरतूद १९६२पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली गेली. रिट याचिकेत उच्च न्यायालय कागद पाहू शकते, पण कारण पुरेसे होते का याच्या खोलात त्याने जायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. झडतीनंतर इन्व्हेस्टिगेशन विंगचा, म्हणजे तपास शाखेचा, झडतीत काय सापडले याचा अप्रेझल रिपोर्ट कर-निर्धारण अधिकाऱ्याकडे जातो. त्यातले किती मुद्दे पुढे आकारणीत उतरले आणि किती गळाले, हे बाहेरच्या कोणालाही दिसत नाही. ऑगस्ट २०२०पासून सामान्य करदात्याची स्क्रुटिनी ‘फेसलेस’ झाली. अधिकारी कोण, कुठल्या शहरातला, हे त्याला कळत नाही, आणि अधिकाऱ्यावर ओळखीपाळखीचा दाबही येत नाही. ही चांगलीच सुधारणा आहे. पण सेंट्रल सर्कलची प्रकरणे, म्हणजे मुख्यतः झडतीची प्रकरणे, त्यातून वगळली आहेत. वशिला आणि दडपण जिथे सर्वाधिक संभवते, नेमके तिथे अधिकाऱ्याचा चेहरा उघडा आहे. सीबीआय आणि ईडीच्या संचालकांना तपास यंत्रणांच्या स्वायत्ततेवरील विनीत नारायण खटल्यानंतर किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला. प्रत्यक्ष कर मंडळाच्या अध्यक्षाला तेवढेही संरक्षण नाही.

सवलत देणेच मुळात वाईट, असे मी म्हणत नाही. उसाला दिलेल्या जादा दराला नफावाटप समजून आपल्या सहकारी साखर कारखान्यांना वर्षानुवर्षे आयकराच्या नोटिसा येत होत्या. २०२३च्या अर्थसंकल्पाने हा जुना वाद मिटवला, सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा देऊन. त्यामागे राजकारण नव्हते असे कोण म्हणेल? पण तो संसदेत, लेखी, सर्व पक्षांच्या कारखान्यांना एकाच नियमाने मिळाला. पटला नाही तर त्यावर टीका करता येते. थंडावलेल्या फाइलवर टीका करायला हाताशी कागदच नसतो.

अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी १९७२ मध्ये विरोधकांची यादी कर खात्याच्या आयुक्तांकडे दिली. आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांनी ती तिजोरीत बंद केली आणि एकाही नावावर कारवाई केली नाही. पुढे १९९८ मध्ये तिथे कायदा झाला. एखाद्या करदात्याची तपासणी सुरू करा किंवा थांबवा, असे अध्यक्षांनी वा त्यांच्या कार्यालयाने सांगणे हा गुन्हा ठरला. त्यातले ‘थांबवा’ आपण उचलण्यासारखे आहे.

आपल्याकडे निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवार पाच वर्षांचे उत्पन्न आणि सरकारी थकबाकी आधीच जाहीर करतो. त्यात आणखी एक रकाना हवा: झडती झाली का, मागणी किती निघाली, आज ती कुठे आहे, आणि प्रकरण मिटले असेल तर कोणत्या कारणाने. खात्यानेही लोकप्रतिनिधींच्या बाबतीत कारवाई सोडून देण्याची किंवा अपील न करण्याची लेखी कारणे संसदेपुढे ठेवावीत. १९६१च्या कायद्याची जागा घेणारा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासूनचा आहे. त्यात अशी दुरुस्ती करायला घटनेला हात लावावा लागत नाही. एक वित्त विधेयक पुरते, आणि २०१७ मध्ये कारणे झाकायलाही तेवढेच पुरले होते.