मोबाइल बाकावर ठेवा

हसू नका. मागच्या बाकावरचे, तुम्हीसुद्धा. क्लिप कुणी काढली ते मला कळलंय, आणि कुणी कुणी पुढं ढकलली तेही बरंचसं कळलंय. धडा उद्या घेऊ.

आधीच सांगते, म्हणजे उगाच माना खाली घालायला नको. मुलगी नाचताना बघावीशी वाटली, यात मला काही गैर वाटत नाही. शृंगार हा लावणीचा जीवच आहे. ती कीर्तनासारखी ऐकली तर तिचाच अपमान. तेव्हा 'मॅडम, आमच्या मनात वाईट आलं' हे रडगाणं नको. मनातलं तुमचं तुमच्यापाशी. मी तुमच्या हातांनी काय केलं ते विचारतेय. गॅदरिंगला तुमच्याच वर्गातली मुलगी अख्खी लावणी नाचली. त्यातले तुम्ही दहा-बारा सेकंद उचलले, कमरेवर झूम केलं, वेग कमी केला, खाली भलतंच गाणं चिकटवलं. आणि चेहरा कापला. का कापला? सांगा ना. राहिला असता तर काय बिघडलं असतं?

यमुनाबाई वाईकर हे नाव कुणी ऐकलंय? एकही हात वर नाही. २०१२ साली पद्मश्री मिळाली त्या बाईंना. त्यांची बैठकीची लावणी म्हणजे एका जागी बसून गायची. ओळ एकच, पण दर खेपेला भुवई निराळी, बोटं निराळी, आणि त्याच शब्दांचा अर्थही निराळा. समोरचा मनात काय घेऊन बसलाय ते हेरायचं आणि ओळ त्याच्यावरच उलटवायची. तिथं बघणाराही कुणाच्या तरी नजरेत असतो. कापलेल्या चेहऱ्याला तुमच्याकडं बघता येत नाही. तेच तर हवं होतं तुम्हाला.

आता कुणीतरी पुटपुटेल, की आपल्या हायवेवरच्या कलाकेंद्रांत तरी काय वेगळं चालतं? पुटपुटू नका, मोठ्यानं म्हणा. मी तिथल्या बारीचे, त्या नाचगाण्याच्या खेळाचे, गोडवे गात नाही. नोटा उधळून दौलतजादा करणाऱ्यांच्या मागं काय उरतं ते बघायचं असेल तर किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' वाचा. १९९४ चं पुस्तक आहे. पलीकडच्या करमाळा तालुक्यातलं पोर, आई तमाशात नाचायची. बापाचं नाव मिळालं नाही म्हणून आईचं लावलं, आणि तशात डॉक्टर झाला. पण नोट उधळणाऱ्यालाही बारीत उजेडात बसावं लागतं. कुणाचा पोरगा आलाय ते चार लोक बघतात. तुम्ही तेवढीही लाज पत्करली नाही. पांघरुणात बसून बघितलं, फुकट बघितलं. आणि अशा क्लिपच्या आगेमागे ज्यांच्या क्रीमच्या, गेमच्या जाहिराती लागतात त्यांनी पैसा केला. तुमच्या वासनेचीसुद्धा कमाई दुसराच कुणी खातोय, एवढंही कळत नाही तुम्हाला!

समोरची उलटून बघायला लागली की काय होतं, ते ऐका. १९७४ साली इटलीत, नेपल्स शहरात, मरिना अब्रामोविच नावाची कलावती सहा तास नुसती उभी राहिली. टेबलावर ७२ वस्तू: गुलाब, मध, कात्री, पिस्तूल, गोळीसुद्धा. यातलं काहीही माझ्यावर वापरा, जबाबदारी माझी, असं लिहून ठेवलं होतं. लोकांनी आधी गुलाब दिला. मग तिचे कपडे कापले, अंगावर चिरा पाडल्या, एकानं तिच्यावरच पिस्तूल रोखलं. सहा तास संपले आणि ती चालत लोकांकडं निघाली, तर लोक पळाले, असं ती स्वतः सांगते. अडाणी नव्हते ते, कलेचे शौकीन होते. आणि काल तुमच्या वर्गातली ती मुलगी गेटातून आत आली तेव्हा तुम्ही सगळे सायकल स्टँडच्या मागं का गेलात? ऊन लागत होतं का?

'ती नाचलीच तशी' हे वाक्य माझ्यासमोर कुणी काढायचं नाही. २०२३ साली एका नावाजलेल्या नर्तिकेचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ चोरून काढून पसरवला, तेव्हाही लोक हेच बोलत होते. तिचं नाव मी घेत नाही, तुम्हाला पाठ आहे. पुढच्या चैत्रात आपल्या येडाई देवीच्या यात्रेला चुन्याच्या रानात खडे वेचायला बाया वाकतील. त्यांत तुमच्या आया असतील. त्या कशा वाकल्या तेही झूम करून बघणार का?

बस खाली. माफी मागायला घोळक्यानं त्या मुलीच्या दारात जायचं नाही. आधीच गल्ली बोलतेय, तिच्या वडलांना आणखी तमाशा नको. ती बोलवेल तेव्हा, बोलवलं तर, एकेकानं जायचं. मी सोबत येणार नाही.

आता मोबाइल बाकावर. क्लिप इतक्यात डिलीट करू नका. आधी कागद घ्या आणि कुणाकडून आली, कुणाकुणाला पाठवली, कुठल्या ग्रुपवर टाकली, सगळं नावानिशी लिहा. त्यांच्याकडूनही पुसून घ्यायची जबाबदारी तुमची. आणि 'मी काही केलं नाही, माझ्याकडं नुसती आली होती' असं ज्याला म्हणायचंय, त्यानं पहिल्यांदा उभं राहावं.