वाटेचे नित्यकर्म

रस्ता कोणाचा आणि तो नीट राखण्याचे ऋण कोणावर, असा प्रश्न निघाला की आपले लक्ष प्रथम नगरपालिकेच्या कचेरीकडे जाते. तेथे जे विचारावयाचे ते विचारलेच पाहिजे. परंतु देवळाच्या आवारात लहानाच्या मोठ्या झालेल्या आपल्या समाजाजवळ या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक जुने आणि उपयुक्त साधन आहे. काम्यकर्म आणि नित्यकर्म यांत आपल्या शास्त्रकारांनी केलेला भेद, हे ते साधन होय.

काम्यकर्म फळाच्या इच्छेने करावयाचे असते. ते केले तर फळ मिळते. न केले तर दोष लागत नाही. नित्यकर्माची गोष्ट निराळी. मीमांसकांच्या एका प्रसिद्ध मताप्रमाणे ते केल्याने विशेष असे काही पदरी पडत नाही. मात्र ते चुकविले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. देवस्थानाच्या कारभारात हा भेद आपण रोज पाहतो. नवा सभामंडप बांधून देणाऱ्या दात्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते. पहाटे उठून प्रदक्षिणेची वाट झाडणाऱ्या सेवेकऱ्याचे नाव कोठेच नसते. तथापि ती वाट एक दिवस झाडली गेली नाही, तर अनवाणी पायांना ते तत्काळ कळते.

नगरातील रस्ता बांधणे हे काम्यकर्मासारखे आहे. त्याला कोनशिला असते, हारतुरे असतात, भाषणे असतात. रस्ता राखणे हे मात्र शुद्ध नित्यकर्म आहे. डांबरी रस्त्याचा खरा वैरी पाणी. पृष्ठभागावर पडलेल्या बारीक भेगेतून ते आत झिरपते आणि खालची खडी-माती सैल करते. मग वरून जाणाऱ्या चाकांच्या भाराने डांबराचा पापुद्रा खचतो व खड्डा पडतो. भेग असतानाच ती बुजविली तर थोडक्या श्रमांत काम भागते. आमच्या कोकणपट्टीत तर मृगाच्या आधी गटारे उपसली नाहीत, की पहिल्याच सरींत रस्त्याचा ओहोळ होतो. भेग बुजविणाऱ्याचा सत्कार कोणी करीत नाही. न बुजविल्याचा दोष मात्र उरतोच.

येथे एक नैतिक पेच उद्भवतो. संध्या चुकविली तर प्रत्यवाय चुकविणाऱ्यालाच लागतो. रस्त्याचे नित्यकर्म चुकले तर त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्याच देहाला भोगावे लागते, आणि तेही बहुधा सर्वांत दुबळ्या देहाला. मोटारीत बसलेल्यास खड्डा म्हणजे केवळ एक हिसका. सायकलस्वारास तोच खड्डा कपाळमोक्ष ठरू शकतो. गटारावरील जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने बसविले, तर सायकलचे अरुंद चाक नेमके त्या फटीत अडकते. डांबराचे थरावर थर चढत गेले आणि बाजूची माती तशीच राहिली, की कडेला वीतभर खोल कापरी पायरी तयार होते. मागून येणाऱ्या वाहनाला वाट देणारा सायकलस्वार तिच्यावरून खाली घसरतो. पहाटे पाव घेऊन येणारा आमचा पोदेर याच कडेने सायकल हाकतो. हिंदुस्थानात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो.

मग वाटेवर अग्रमान कोणाचा? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, कोणाला वाट द्यावी याची एक यादी आली आहे. रथातून जाणारा, नव्वदी उलटलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी, असे तीत म्हटले आहे. त्या ग्रंथातील सर्वच मते आज कोणी शिरोधार्य मानीत नाही. पण ही यादी विचार करण्याजोगी आहे. तिच्या आरंभी रथ आहे, हे पाहून एखादा मोटारमालक संतुष्ट होईल. त्याने थोडे थांबावे. वृद्ध, रोगी आणि भारवाहक यांच्या पंक्तीत रथ का यावा? मला यात एकच सुसंगत तत्त्व दिसते. रथ चटकन वळविता येत नाही, म्हाताऱ्याला चटकन बाजूला होता येत नाही, हमालाला डोईवरचे ओझे घेऊन मागे सरता येत नाही. ज्याला वाट देणे सोपे, त्याने ज्याला ते कठीण त्याला वाट द्यावी. आज रथ बदलला आहे. पायाच्या एका दाबाने मोटार थांबते. काठी टेकीत रस्ता ओलांडणाऱ्या आजींना तितक्या त्वरेने मागे फिरता येत नाही. तत्त्व तेच ठेवले, तर यादीतील पहिली जागा आज पादचाऱ्याची ठरते.

राज्यकर्त्यांच्या कर्तव्याविषयीही आपली परंपरा मुकी नाही. गल्लीत केरकचरा टाकणाऱ्यास पणाचा अष्टमांश, चिखल वा पाणी तुंबविणाऱ्यास चतुर्थांश आणि हाच अपराध राजमार्गावर घडल्यास दुप्पट दंड, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. अलीकडच्या न्यायाची दिशाही तीच आहे. माळव्यातील रतलाम येथील रहिवाशांनी रस्त्यालगतच्या उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा नगरपालिकेने पैसा नसल्याची सबब पुढे केली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती सबब मानली नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत कसूर झाल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित अधिकारी व ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, निर्वेध पदपथ मिळण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे.

कोणी म्हणेल, कर आम्ही भरतो. पुढचे काम नेमलेल्यांनी करावे. यात तथ्य आहे, पण अर्धेच. देवळात पूजा पुजारी करतो. परंतु नंदादीप विझला तर महाजनांना हात झटकून मोकळे होता येत नाही. काम सोपविता येते, उत्तरदायित्व सोपविता येत नाही. तेल कोठे गेले, हे विचारण्याचा हक्क आणि विचारण्याचे कर्तव्य, ही दोन्ही महाजनांकडे राहतात. नागरिकाचे रस्त्याशी असलेले नाते असेच आहे.

शिवाय वाट बिघडविण्यात आपलाही हात असतो. उत्सवाच्या मंडपासाठी डांबरात खड्डे खणले जातात. मंडप उतरतो, खड्डे तसेच राहतात. जत्रेच्या दिवशी देवदर्शनाला आलेल्यांची वाहने दुतर्फा उभी राहतात, आणि चालत आलेला भाविक रहदारीच्या मधोमध ढकलला जातो. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत प्रचंड पाऊस झाला. तुंबलेले पाणी ओसरावे म्हणून एका मॅनहोलचे झाकण उघडण्यात आले होते. पाण्यातून चालत घराकडे निघालेले एक गृहस्थ त्यात पडून प्राणास मुकले. झाकण उघडणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण सार्वजनिक वाटेवर सद्हेतू पुरेसा नसतो. उघडलेल्या तोंडापाशी कोणीतरी उभे राहावे लागते.

म्हणून प्रत्येक देवस्थानाने एवढे तरी करावे. वार्षिक उत्सवापूर्वी महाजनांनी महाद्वारापासून हमरस्त्यापर्यंत एकदा पायी चालून जावे. सोबत एक वृद्ध आणि दृष्टी अधू झालेला एक भाविक असावा. त्यांचे पाऊल जेथे अडखळेल त्या जागा टिपून ठेवाव्यात. आपल्या आवाक्यातल्या आपण नीट कराव्यात आणि उरलेल्यांसाठी पंचायतीला वा नगरपालिकेला लेखी विचारीत राहावे. मंडपाच्या हिशेबात खड्डे बुजविण्याची रक्कम आधीच धरावी. याने कोणाचे नाव पाटीवर लागणार नाही. नित्यकर्माची पाटी नसतेच.