गप्प बसणे आणि लक्ष लागणे

वर्गात एका जागी न टिकणाऱ्या मुलाला आपण चटकन 'वांड' ठरवून मोकळे होतो. अशा काही मुलांचा प्रश्न शिस्तीचा नसतो, मेंदूच्या वाढीशी निगडित असतो. डॉक्टर त्याला 'एडीएचडी' म्हणतात. त्यावरचे मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. नीट निदान झालेल्या बहुतेक मुलांना त्याचा खरोखर उपयोग होतो. तेव्हा 'औषधच नको' हा हट्ट योग्य नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. औषध लागू पडले हे कुणी ठरवायचे, आणि कशावरून?

या औषधाने भूक मंदावते, झोप उशिरा लागते, कधी पोट वा डोके दुखते. असर उतरताना मूल चिडचिडे होते. मात्रा जास्त झाली तर ते गुमसुम होते. हसणे, खेळणे, प्रश्न विचारणे थांबते. आणि नेमके हेच आपल्याला यश वाटते! 'आता पोरगा शांत बसतो,' असे मास्तर सांगतात, घरचेही निश्चिंत होतात. भरलेला वर्ग सांभाळणाऱ्या मास्तरांची अडचण खोटी नाही. पण गप्प बसणे म्हणजे लक्ष लागणे नव्हे. ज्याची झोप अपुरी आणि पोट रिकामे, त्याचे लक्ष दुसऱ्या दिवशी पुन्हा उडते. मग गोळी कमी पडते असा समज होतो.

शहापूर-मुरबाडकडे हा प्रश्न अधिक अवघड आहे. मेंदू-मनाच्या तज्ज्ञासाठी कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. एका खेपेत मजुरीचा दिवस बुडतो, म्हणून पुढची तपासणी लांबते. शिवाय सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर दुपारपर्यंत राहू शकतो, आणि शाळेतला पोषण आहारही दुपारीच वाढला जातो. ज्या तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर कुपोषण ही जुनी व्यथा आहे, तिथे मुलाने ताट तसेच सारणे ही किरकोळ गोष्ट नाही.

मूल ही अमानत आहे, असे आपण म्हणतो. अमानत आपल्या सोयीसाठी वापरायची नसते. म्हणून गोळीआधी पोटभर न्याहारी द्यावी, महिन्याला वजन पाहावे, झोपेची आणि भुकेची हकिकत डॉक्टरांना सांगावी. ते मात्रा कमी करू शकतात, वेळ बदलू शकतात, ॲटोमॉक्सेटिनसारखे दुसरे औषध देऊ शकतात. मात्र आपल्या मनाने गोळी वाढवू नये वा बंद करू नये.

आणि एक साक्ष आपण बहुधा घेतच नाही, ती त्या मुलाची. 'गोळी घेतल्यावर तुला कसं वाटतं?' हे त्याला विचारायला हवे. आधी अर्धवट सुटणारे गणित आता पुरे होते, मित्रांशी भांडण कमी होते, असे ते म्हणाले तर औषध त्याचे झाले. नुसता वर्ग शांत झाला असेल, तर ते औषध आपण आपल्यासाठीच देत आहोत.